पुणं ‘झोन ११’मध्ये येतं, तरी रोपं का मरतात?

परदेशी बियाण्यांच्या पाकिटावर किंवा ऑनलाइन मागवलेल्या रोपाच्या लेबलवर एका कोपऱ्यात ‘झोन ५–९’ नाहीतर ‘झोन १०–१२’ असं काहीतरी छापलेलं असतं. बागेची आवड असलेला माणूस कधीतरी नेटवर शोधतो, पुण्याचा झोन ११ असं उत्तर मिळतं आणि आता निवड सोपी झाली असं त्याला वाटतं. मग झोन ११ चा शिक्का असलेलं कॅलेथिया एप्रिलमध्ये कडांनी करपत जातं, आणि ‘५–९’ वाला कलमी गुलाब त्याच घराच्या गच्चीत डिसेंबरात भरभरून फुलतो. लेबल खोटं नसतं. पण तो आकडा ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न पुण्यातल्या झाडाला पडतच नाही.

हा आकडा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशातून येतो. त्यांचा पहिला नकाशा १९६० मध्ये निघाला, सगळ्यात ताजा २०२३ चा. त्यात एकच गोष्ट मोजलेली आहे: वर्षातल्या सगळ्यात थंड रात्री पारा किती खाली उतरतो. दरवर्षीची ती एक रात्र घ्यायची, तीस वर्षांतल्या अशा रात्रींची सरासरी काढायची आणि त्यावरून १३ पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्टा १० अंश फॅरनहाइटचा, आणि त्याचे पुन्हा अ आणि ब असे दोन भाग. झोन ५ म्हणजे उणे २९ ते उणे २३ अंश सेल्सिअस. झोन ११ म्हणजे अधिक ४.४ ते १०. पाऊस, ऊन, दमटपणा, माती यातलं काहीही त्या नकाशात नाही. तिकडे एका रात्रीच्या गोठणाऱ्या थंडीत झाड जातं, त्यामुळे त्यांची पहिली काळजी तीच असणार.

आपल्याकडे शिवाजीनगरच्या वेधशाळेत हिवाळ्यातला नीचांक बहुतेक वर्षी ५ ते ९ अंशांच्या मधे कुठेतरी असतो. म्हणून झोन ११. आजवरची सगळ्यात थंड नोंद १.७ अंशांची, जानेवारी १९३५ मधली. म्हणजे वेधशाळेच्या नोंदीत पारा शून्याला कधी टेकलेलाच नाही. अमेरिकेतलं मायामी शहर थंडीच्या हिशेबात साधारण आपल्याच पट्ट्यात येतं. पण तिथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवा बारा महिने दमट असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. थंडीच्या एका आकड्यावरून या दोन शहरांसाठी एकच झाड निवडणं म्हणजे फक्त उंची विचारून स्थळ पसंत करणं. कॅलेथियाचं पान पातळ आणि मोठं, मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या जंगलाच्या सावलीतलं. त्याला मायामी मानवतं, पुण्याचा चैत्र-वैशाख मानवत नाही.

तरी लेबल फेकून देऊ नका. ‘५–९’ मधला पाच आपल्या कामाचा नाही, पण नऊकडे लक्ष द्यायला हवं. वरचा आकडा ९ किंवा त्याहून कमी असेल, तर गुलाबासारखे अपवाद सोडून बहुधा दोन शक्यता असतात. एक म्हणजे झाडाला आपला उकाडा सोसणार नाही. दुसरी म्हणजे त्याला थंडी हवीच आहे. सफरचंदाचं नेहमीचं झाड हिवाळ्यात झोपतं आणि ७ अंशांच्या खालचे हजाराच्या आसपास तास मिळाल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. पुण्यात जानेवारीचं सरासरी किमान तापमानच ११ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे हे खातं कधी भरतच नाही. झाड जगतं, पानं येतात, फूल येत नाही. ट्यूलिपच्या कंदांचंही तसंच. त्यांना कित्येक आठवडे थंडगार जमीन लागते. श्रीनगरला ते फुकट मिळतं, इथे कंद आधी फ्रीजमध्ये ठेवावे लागतात आणि बहुधा एकदाच फुलतात. हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी ‘एचआरएमएन-९९’ ही सफरचंदाची जात तयार केली, तीच रोपं आता आपल्याकडच्या नर्सऱ्यांतही दिसतात. हौसेला एक झाड लावायला हरकत नाही, पण सिमल्याच्या सफरचंदाची अपेक्षा धरू नये.

अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ मध्ये उलट बाजूचा नकाशा काढला: वर्षात किती दिवस पारा ३० अंशांच्या वर जातो त्याचा. पुण्यासाठी हा जास्त उपयोगी. पण रोपांच्या लेबलवर हा आकडा क्वचितच छापलेला असतो, त्यामुळे पुढे जाऊ.

खरी गंमत लव्हेंडरमध्ये आहे. हे रोप पुण्यात उकाड्याने मरतं असं बहुतेकांना वाटतं. बारकाईने पाहिलं तर ते मे महिना बऱ्यापैकी काढतं. जातं ते जुलै-ऑगस्टमध्ये. आधी बुडाजवळची राखाडी पानं काळपट होऊन चिकटतात, मग एकेक फांदी मान टाकते. माती ओली असूनही रोप सुकलेलं दिसतं, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. उपटून बघावं तर मुळं तपकिरी आणि बोटांनी सोलून निघणारी. लव्हेंडर, रोझमेरी, थाइम, ऑलिव्ह ही सगळी भूमध्य समुद्राकाठची मंडळी. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. आपल्याकडे बरोबर उलटं. ऐन उष्ण दिवसांत त्यांच्या मुळाशी चार महिने पाणी आणि पानांवर दमट हवा, हे त्यांना पिढ्यानपिढ्या माहीतच नाही. वर्षाचा पाऊस किती, यापेक्षा तो कधी पडतो हा प्रश्न इथे जीवघेणा ठरतो.

आणि पाऊस कधी पडतो याचा विचार करणारा एक नकाशा आहे. व्लादिमिर कोपेन या शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये त्याची पहिली मांडणी केली आणि पुढे अनेक वर्षं तो तीत सुधारणा करत राहिला. कुठे कोणती झाडं आपोआप उगवतात हे पाहून त्याने हवामानाच्या सीमा आखल्या, म्हणून बागवाल्याला तो जवळचा. कोरड्या आणि ओल्या प्रदेशाची सीमा काढायचं त्याचं गणित घरी करून बघण्यासारखं आहे. वर्षाचं सरासरी तापमान घ्या, त्याला २० ने गुणा. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, पडत असेल तर त्यात २८० मिळवा. हिवाळ्यात पडत असेल तर काही मिळवू नका. आलेल्या आकड्यापेक्षा पाऊस कमी असेल तर प्रदेश कोरडा. हे २८० कशासाठी? उष्ण दिवसांत पडलेल्या पावसाची वाफ जास्त होते, म्हणून तिथे तेवढीच ओल टिकवायला पाऊसही जास्त लागतो.

पुण्याचं सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास. पंचवीस गुणिले वीस पाचशे, अधिक २८०, झाले ७८०. पुण्याचा वर्षाचा पाऊस सुमारे ७५० मिलिमीटर. म्हणजे आपण सीमेच्या जेमतेम तीसेक मिलिमीटर अलीकडे, कोरड्या बाजूला. मे महिन्यातला एखादा जोराचा वळीव एका दुपारी तेवढा कोसळून जातो. म्हणूनच एका नकाशात पुणं निमशुष्क रंगात दिसतं, तर दुसऱ्या वर्षांची आकडेवारी वापरलेल्या नकाशात सव्हानाच्या, म्हणजे ठरावीक पावसाळा असलेल्या उष्ण प्रदेशाच्या, रंगात. नकाशे चुकलेले नसतात, शहरच उंबरठ्यावर आहे. बागेसाठी याचा अर्थ साधा: चार महिने ओलं पाऊल सोसणारं आणि पुढचे सात-आठ महिने कोरडी हवा काढणारं झाड हवं.

असं हवामान जगात आणखी कुठे आहे, हे त्याच नकाशात शोधता येतं, आणि मला विचाराल तर त्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. मेक्सिकोच्या बऱ्याच भागात पाऊस जून ते ऑक्टोबर पडतो आणि बाकीचं वर्ष कोरडं जातं. आता आपल्या बागांकडे बघा. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू तिकडचा. झिनिया, डेलिया, कॉसमॉस तिकडचे. देवळासमोरचा पांढरा चाफासुद्धा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेतला, इतका रुळलेला की कोणाला सांगून पटत नाही. पेरू आणि सीताफळही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आले. पण हवामान जुळलं की नको तेही जुळतं. गाजरगवत त्याच बाजूचं, आणि भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात झाली ती पुण्यातच. पिवळा कॉसमॉसही आता रस्त्याकडेला आणि टेकड्यांच्या उतारांवर आपला आपण पसरतो. म्हणून ‘काही न करता वाढतं’ असं कोणी कौतुकाने सांगितलं की मी तरी थोडा सावध होतो.

जगाचा नकाशा इतका पुरे. घरचा नकाशा जास्त कामाचा आहे आणि तो फारसं कोणी उघडत नाही. कृषी संशोधनासाठी महाराष्ट्राचे नऊ कृषी हवामान विभाग पाडलेले आहेत. त्यात पाऊस आणि माती दोन्ही धरलेली असते. कोकणाचे दोन विभाग तर जांभ्याची माती आहे की नाही यावरूनच वेगळे केले आहेत. नऊपैकी चार विभाग एकट्या पुणे जिल्ह्यात भेटतात. घाटमाथ्यावर ३००० ते ६००० मिलिमीटर पाऊस. तिथून पूर्वेला उतरलं की उपपर्वतीय पट्टा, मग मैदानी संक्रमण पट्टा, आणि दौंड, बारामती, इंदापूरकडे अवर्षणप्रवण विभाग. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून पासष्टेक किलोमीटरवर पुण्यात ७५०. बारामतीला त्याहूनही बराच कमी. ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात आणि उरलेलं पाणी देशाकडे येतं, हे शाळेत पर्जन्यछायेच्या धड्यात सगळ्यांनी घोकलेलं आहे. फक्त रोप घेताना ते आठवत नाही.

मुळशीतल्या फार्महाउसवर फोफावलेली सोनटक्क्याची रांग हडपसरच्या बंगल्यात आणली की कडेने पिवळी पडते. उलट, पुरंदरचं अंजीर मुळशीत नेलं तर झाड वाढेल, पण फळ पिकताना हवा कोरडी लागते. दमट हवेत अंजीर फुटतं, आंबतं. पाहुण्याने कोकणातून प्रेमाने आणलेलं जायफळाचं रोप पुण्यात फाल्गुनातल्या वाऱ्याला टिकत नाही. रोप कुठून आलं आणि ते गाव या नऊ विभागांपैकी कशात बसतं, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

माती हा यातला दुर्लक्षित भाग. पुण्याची जमीन बेसॉल्टची: वर काळी माती किंवा मुरूम, आणि बऱ्याच ठिकाणी त्यात चुनखडी. अशा मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. एक्झोरा आणि अनंत यांच्यावर ते लगेच दिसतं. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा मात्र हिरव्या राहतात. लोक त्याला खत कमी पडलं समजून शेणखत वाढवतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी घालत असाल तर कुंडीतली चांगली मातीसुद्धा दोन-तीन वर्षांत तशीच होते, आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी तात्पुरता उपाय आहे. गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवून या दोन-चार कुंड्यांना घातलं तर फरक लवकर दिसतो. आणि मुळातच तगर, कण्हेर, बोगनवेल लावली तर हा खटाटोप लागत नाही.

आता शहराच्या आत. हिवाळ्यातल्या सकाळी वेधशाळेचे वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे येतात ते बघत चला. पाषाण आणि एनडीएकडे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परिसरात) पारा खाली, मगरपट्टा आणि कोरेगाव पार्ककडे वर. पाच-सहा अंशांचा फरक सहज असतो. निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन टेकड्यांमधल्या सखल भागात उतरून बसते, तर दाट वस्तीतलं काँक्रीट दिवसभर शोषलेली उष्णता रात्री सोडत राहतं. झोनच्या भाषेत बोलायचं तर एकाच महापालिकेत दोन पट्टे झाले. पॅन्सी, डेलिया, शेवंती पाषाण-बावधनला जास्त दिवस टिकतात. पिंपरी-चिंचवडच्या दाट भागात किंवा खराडीच्या सोसायटीत त्यांचा हंगाम आटोपता असतो.

शेवटचा नकाशा तुमच्या बाल्कनीचा, आणि तो कोणी छापत नाही. पश्चिमेकडची बाल्कनी एप्रिलमध्ये सूर्य मावळेपर्यंत तापते, आणि मागची भिंत रात्री उशिरापर्यंत गरम राहते. जमिनीतल्या झाडाचं मूळ खोल गेलेलं असतं. कुंडीतलं मूळ चारही बाजूंनी तापतं, त्यातून नर्सरीची काळी पिशवी तशीच ठेवली असेल तर विचारायलाच नको. पुस्तकात ‘पूर्ण ऊन’ लिहिलेलं असतं ते बहुधा थंड देशातलं ऊन असतं. पुण्यात फेब्रुवारीपासून जूनपर्यंत त्याचा अर्थ ‘सकाळचं ऊन, दुपारी आडोसा’ असा घ्यावा. कमाल-किमान तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल तापमापक मिळतो. तो कुंड्यांच्या उंचीवर, सावलीत टांगा आणि एप्रिलचा एक आठवडा, ऑगस्टचा एक, जानेवारीचा एक अशा नोंदी ठेवा. त्या कागदावरून जे कळेल ते कुठल्याही झोनच्या आकड्यावरून कळणार नाही.

नर्सरीत गेल्यावर एक गोष्ट ध्यानात असू द्या. सोलापूर रस्त्याला हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत आणि पुढेही रांगेने नर्सऱ्या आहेत, पण तिथली बरीच शोभेची रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेली असतात. कडियम गोदावरीच्या मुखाकडच्या दमट प्रदेशात. त्यात रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं. ते टवटवीत दिसतं यात नवल नाही. म्हणून ‘हे जगेल ना?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर सगळीकडे एकच मिळतं. माळीकाकांना विचारावं, “काका, हे इथे किती दिवस झालं? मागचा उन्हाळा इथे काढलाय का?” एखादे काका हसून मागच्या बाजूला नेतात आणि धुळीने माखलेली, जरा बेढब पण जाड खोडाची रोपं दाखवतात. तीच घ्यावीत. नवं आलेलंच घ्यायचं असेल तर पंधरा दिवस सावलीत ठेवून हळूहळू उन्हात सरकवावं.

मोकळी जागा असेल त्यांनी मे महिन्यात एकदा वेताळ टेकडीवर चक्कर मारावी. मुरमाड उतारावर कोणी पाणी न घालता उभी असलेली मेडशिंगी, सालई, पळस, काटेसावर दिसतील. उन्हाळ्यात पानं टाकून देणं ही त्यांची तगून राहण्याची रीत आहे. अशी झाडं, किंवा बहावा, जमिनीत लावायचा तर मृगाचा पाऊस नीट लागल्यावर लावावा, म्हणजे मुळांना तीन-चार महिने आयती ओल मिळते. तरी पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी द्यावंच लागतं. ‘देशी झाड आहे, काही लागत नाही’ हे दोन वर्षांनंतरचं वाक्य आहे.

जागा नसेल तर पावसाळी कंद लावा. भुईचाफा आणि हळद पावसाचं वेळापत्रक अंगातच घेऊन येतात. यातला भुईचाफा मला विशेष प्रिय: वळवाच्या सुमाराला पानांच्या आधी जमिनीतून थेट फूल, मग पावसाळाभर पानं, आणि हिवाळ्यात सगळं गडप. डिसेंबर ते एप्रिल त्या कुंडीला पाणी जवळजवळ बंद ठेवायचं असतं, आणि वरून बघितलं तर नुसती माती दिसते. कुंडीवर नाव लिहून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी ती रिकामी समजून त्यात मिरची लावतं.